उरलेल्या नऊ गोळ्या

४ मार्च, सोमवार

भाऊजी,

त्या सकाळी मी पुस्तकं बांधायची खळ शिजवत होते. पाण्याला उकळी आल्यावर कालवलेलं पीठ ओतलं, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद टाकला आणि गुठळी होऊ नये म्हणून ढवळत उभी राहिले. दुसऱ्या चुलीवर आईंचं अंघोळीचं पाणी होतं. खाली शाळेच्या वाचनालयाची चाळीस पुस्तकं शिकंज्यात दाबून ठेवली होती, ती संध्याकाळी द्यायची होती. एका हाताने खळ ढवळत दुसऱ्या हाताने मी ह्यांची रक्त पातळ ठेवायची गोळी वाटीत काढून ठेवली. हृदयात नवी झडप बसवल्यापासून ती रोज त्याच वेळी द्यायची, हे तुम्हीच मला घोकून घेतलं होतं.

हे संडासातून चौथ्यांदा बाहेर आले. भिंतीला हात टेकून म्हणाले, "आज पुस्तकांच्या आधी मलाच शिवायला घ्यावं लागणार." मी हसले. खळ गाळून घेतली, भांडं फडक्याने झाकलं आणि तुमच्या दुकानात आले.

हे सगळं तुम्हाला सांगायची गरज नाही. दुकान आणि आमची कामाची खोली यांच्यात एकच भिंत होती. ह्यांना तीन दिवस जुलाब होताहेत, आव पडतेय, हे तुम्हाला भिंतीपलीकडूनही कळलंच असेल. मी म्हणाले, मला दोन वर्षांपूर्वी दिल्या होत्या त्याच गोळ्या द्या. तुम्ही फळीकडे वळलासुद्धा नाहीत. म्हणालात, "वहिनी, ती गोळी दादाच्या रक्ताच्या गोळीशी भांडते. दवाखान्यात न्या, रक्त तपासून मग ते ठरवतील." आणि मीठ-साखरेची चार पाकिटं पुड्यात बांधून दिलीत.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. दवाखान्यात मी गप्प राहिले. त्याला नऊ वर्षं होऊन गेली.

आज लिहायला बसले याचं कारण असं की आता माझ्याच पोटात तो आजार आहे. गेल्या आठवड्यात सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, अमीबा निघाला. गोळ्या त्याच. दिवसातून तीन, सात दिवस, एकूण एकवीस. ही पट्टी हातात घेतली तेव्हा मी तिथेच उभी राहून गोळ्या दोनदा मोजल्या. खिडकीवरच्या औषधवाल्या बाईंना वाटलं, मला कमी दिल्याचा संशय आहे.

तुमचा पत्ता त्यांच्याकडूनच मिळाला. कसा, ते उद्या लिहिते. पहिली गोळी दोन घास खाऊन घेतली आहे.

— वहिनी


५ मार्च, मंगळवार

भाऊजी,

तोंडाला पितळेची चव आली आहे. चहा प्यायले तरी पेल्याची कड चाटल्यासारखं वाटतं. त्या बाईंनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. लघवीचा रंग गडद होईल, तेही सांगितलं होतं, तसा झाला.

बाई तिशीच्या आत असतील. चष्मा कपाळावर सरकवून ठेवतात आणि मग चष्मा शोधतात. गोळ्या खिडकीतून सरकवण्याआधी त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "बाई, सोयरीक जमवताय का?" त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. दुसरी कुठली औषधं चालू आहेत? रक्त पातळ करणारी? फिट्स येतात का? काविळीचा, यकृताचा त्रास झालाय का? दारू? मी म्हणाले, या वयात आता कुठून सुरू करू. तर म्हणाल्या, "खोकल्याच्या औषधातही असते. गोळ्या चालू असताना आणि संपल्यावर तीन दिवस तसलं काही घ्यायचं नाही. हातापायांना मुंग्या आल्या, आकडी आली तर गोळी थांबवून लगेच इकडे यायचं. एरवी बरं वाटलं तरी मधेच सोडायची नाही. आता मी काय सांगितलं ते मला सांगा."

ते सगळं मी परत म्हणून दाखवलं. शाळेत कधी गेले नाही, भाऊजी, पण असं उभं राहून धडा म्हणायची हौस मला होती. माझं म्हणून झाल्यावर त्या म्हणाल्या, "छान. आमचे सर म्हणायचे, औषध पोटात जाण्याआधी कानात गेलं पाहिजे."

हे वाक्य मी हजार वेळा भिंतीतून ऐकलं होतं.

मी विचारलं, कोण हो तुमचे सर? त्यांनी तुमचं नाव घेतलं. इतक्या दूर औषधशास्त्र शिकवता म्हणे. मुलं तुम्हाला घाबरतात आणि परीक्षेनंतर तुमच्याच घरी येऊन बसतात म्हणे. मी त्यांना म्हणाले, मी त्यांचं जुनं गिऱ्हाईक, त्यांना एकदा पत्र पाठवायचंय. तुमची वहिनी आहे असं म्हणाले नाही. त्यांनी औषधाच्या पाकिटामागे पत्ता लिहून दिला. अक्षर छान आहे, सुटं सुटं.

आई वर झोपल्या आहेत. आता त्यांना उजव्या डोळ्याने फारसं दिसत नाही, तरी दळलेल्या पिठात एक खडा राहिला तर त्यांना तोच दिसतो. मघाशी विचारत होत्या, काय लिहितेस. म्हटलं, पुस्तकांच्या पाठीवरची नावं. घरात आम्ही दोघीच आणि दोघींत मिळून दिवसाला वीस-पंचवीस वाक्यं होतात. त्यातली निम्मी दार लावलंस का, गॅस बंद केलास का, अशी.

तुम्ही मला 'मधलं पान' म्हणायचात. छापून आलेले फर्मे, सोळा-सोळा पानांचे मोठे कागद, दुमडता दुमडता मी अक्षरं ओळखायला शिकले, म्हणून मला कुठल्याच पुस्तकाची सुरुवात ठाऊक नसायची. मधलीच सोळा पानं माहीत असायची. "काय मधलं पान, आज कुठून कुठे?" असं तुम्ही दारातून विचारायचात. नऊ वर्षांत मला हे कोणी विचारलेलं नाही. आता मी पुस्तकं पहिल्या पानापासून वाचते. वाचून झाल्यावर सांगायला समोर कोणी नसतं, एवढंच.

— वहिनी


७ मार्च, गुरुवार

भाऊजी,

आज चौथा दिवस. पोट अगदी शांत आहे. अकरा वर्षांपूर्वी मी याच दिवशी थांबले होते. आता बरं वाटतंय, उगाच तोंड कडू कशाला करायचं, असं म्हणून बारा गोळ्या घेऊन नऊ ठेवून दिल्या होत्या. आपल्याकडे टाकायचं काही नसायचंच. कापडाच्या पट्ट्या, दोऱ्याचे तुकडे, पुठ्ठ्याचे कोपरे, सगळं कधीतरी कामाला येतं म्हणून पत्र्याच्या डब्यात जायचं. गोळ्याही त्याच डब्यात गेल्या.

आज दुपारी आईंचं पोट बिघडलं. दोनदा जाऊन आल्या आणि माझ्या खाटेशेजारी येऊन बसल्या.

"अगं, तुझ्या त्या गोळ्यांतली एक दे मला."

"नाही देणार, आई."

"का? सोन्याच्या आहेत?"

"मला लिहून दिल्यात."

"पोटं काय वेगवेगळी असतात का? एकाच भांड्यातलं जेवतो आपण."

"तुमची रक्तदाबाची गोळी चालू आहे, हृदयाची चालू आहे. उद्या सकाळी दवाखान्यात जाऊ. तोवर मीठ-साखरेचं पाणी देते."

"म्हणजे मी पाणी पीत मरायचं. थोरल्याला गोळी दिली म्हणून तो गेला, मला दिली नाही म्हणून मी जाते. या घरात औषधाचा काही योग नाही."

मी पाणी कालवत होते. पाठमोरीच म्हणाले, "दोन गोळ्या पोटात जाऊन भांडल्या तर मी काय करू?"

वळून पाहिलं तर आई चांगल्या डोळ्याने माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"गोळ्या भांडतात," त्या म्हणाल्या. "हे धाकट्याचं बोलणं आहे."

तुम्ही गेल्यापासून या घरात पहिल्यांदा तुमचा उल्लेख निघाला, तोही नाव न घेता. मी पेला पुढे केला. त्यांनी घोट घोट घेत सगळं पाणी संपवलं आणि पेला उपडा करून ठेवला. लहान मुलं दूध संपवल्यावर दाखवतात तसा.

चौथ्या दिवसाची तिसरी गोळी घेतली. अजून नऊ आहेत.

— वहिनी


८ मार्च, शुक्रवार

भाऊजी,

आईंना घेऊन गेले होते. तपासणीत अमीबा नाही, काही नाही, साधा अपचनाचा त्रास. डॉक्टरांनी पाकिटंच लिहून दिली आणि मला सांगितलं, जेवण करण्याआधी आणि संडासाहून आल्यावर साबणाने हात धुवा, पिण्याचं पाणी उकळा, म्हणजे तुमचं त्यांना लागणार नाही. ते मी करतेच आहे. साबणाने बोटांना भेगा पडल्यात, टाके घालताना दोरा अडकतो.

खिडकीपाशी आईंना स्टुलावर बसवलं. बाईंनी चष्मा शोधला, त्यांचा कागद वाचला आणि म्हणाल्या, "आजी, सुनेच्या गोळ्यांतली मागून घेतली नाहीत ना?"

"मागितली. देईना."

"शहाण्या आहेत त्या." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लोकांना राग येतो हो. मी नाही म्हटलं की शेजारच्या दुकानात जातात, नाहीतर घरातलं जुनं शोधून काढतात. आमचे सर सांगायचे, 'मी तर सख्ख्या भावालासुद्धा ही गोळी दिली नव्हती. रक्त पातळ करायचं औषध चालू होतं त्याचं. दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं.' वर्गात दरवर्षी सांगायचे. भावाचं पुढे काय झालं ते मात्र कधी सांगितलं नाही."

त्यांना काय ठाऊक आम्ही कोण ते. मी आईंच्या हातातली पिशवी घेतली.

आईंनी विचारलं, "कुठले हे सर?"

"पूर्वी इथेच दुकान होतं त्यांचं, आजी. पुस्तकं बांधणाऱ्यांच्या शेजारी."

परतीच्या वाटेवर आई नेहमीपेक्षा हळू चालत होत्या. चौकात येऊन थांबल्या.

"तिच्या सरांनी भावाला गोळी दिली नव्हती म्हणाली."

"हो."

"मग कोणी दिली?"

"रस्ता ओलांडायचाय, आई. हात धरा."

त्यांनी हात धरला. घरी आल्यावर पुन्हा विचारलं नाही. नेहमीसारखं दार लावलंस का, एवढंच विचारलं. मी लावलं होतं.

— वहिनी


१० मार्च, रविवार

भाऊजी,

एकविसावी गोळी घेतली. पट्टीच्या सगळ्या खळग्यांतून बोट फिरवून पाहिलं, काही उरलेलं नाही.

पहिल्या पत्रात मी खोटं लिहिलं आहे. ते फाडून नवं लिहिता आलं असतं, पण तसंच ठेवते. दवाखान्यात मी गप्प राहिले असं मी लिहिलं. मी गप्प राहिले नव्हते.

सगळं क्रमाने लिहिते. आता मला पहिल्या पानापासून सांगता यायला हवं.

तुम्ही पाकिटं दिलीत तेव्हा मला राग आला. मला वाटलं, हा दीर चार पुस्तकं जास्त शिकला म्हणून आम्हाला अडवतो. दवाखान्यात जायचं म्हणजे दिवस मोडणार, शाळेची पुस्तकं राहणार. घरी येऊन डबा उघडला. दोऱ्यांखाली पट्टी सापडली. तिच्यावरची मुदत पुसट झाली होती, ती मी उजेडात धरून पाहिली नाही. ह्यांना म्हणाले, "भाऊजींकडून आणल्यात." ह्यांनी विचारलंही नाही. तुमचं नाव घेतलं की ते काहीही गिळायचे. तीन दिवसांत नऊ गोळ्या संपल्या. जुलाब थांबले. चौथ्या दिवशी दात घासताना हिरड्यांतून रक्त आलं, मी म्हटलं, ब्रश नवा आहे. पाचव्या दिवशी ते शिकंज्यापाशीच कोसळले. डोक्यात रक्त साकळलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या पिशवीतून रिकामी पट्टी काढली आणि विचारलं, "या कुठून आणल्या?" आई होत्या, तुम्ही होता. मी म्हणाले, "दिरांच्या दुकानातल्या आहेत."

भाऊजी, ते वाक्य खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी त्या तुमच्याच दुकानातून आणल्या होत्या. इतकं खरं वाक्य बोलून मी तुम्हाला संपवलं. आई तुमच्यावर ओरडल्या तेव्हा तुम्ही ती पट्टी उचललीत, मागच्या बाजूची तारीख वाचलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. तुम्हाला त्याच क्षणी कळलं. मी वाट पाहत होते तुम्ही बोलाल म्हणून. आई म्हणाल्या, "पुन्हा तुझं तोंड बघणार नाही." तुम्ही "बरं" म्हणालात. पट्टी खिशात घातलीत.

तुम्ही का बोलला नाहीत याचा मी पुष्कळ विचार केला. मला माहेर नव्हतं, मूल नव्हतं. खरं कळल्यावर आईंनी मला दाराबाहेर काढलं असतं आणि मला कुठेही जायला जागा नव्हती, हे तुम्हाला ठाऊक होतं. तुमच्याकडे निदान एक विद्या होती. तुम्ही ती घेऊन निघून गेलात आणि मी तुमच्या जागेवर, तुमच्याच आईजवळ राहिले. वेगळं काही कारण असेल तर मला कळवा.

अजून एक आहे. आज माझा जाडा शब्दकोश काढला, मीच बांधलेला. कण्यावरचं कापड ओल्या फडक्याने भिजवलं आणि हलक्या हाताने सोडवलं. त्या गोळ्यांबरोबर आलेली माहितीची चिठ्ठी मी तेव्हा कण्याच्या आत अस्तर म्हणून चिकटवली होती. तसला पातळ आणि चिवट कागद सहसा मिळत नाही. ती तिथेच होती. खळीने पिवळी पडलीय, पण अक्षरं वाचता येतात. सहाव्या ओळीत लिहिलंय, रक्त पातळ करणारं औषध चालू असल्यास डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

माझ्या हाताखालून न वाचलेला कागद जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. ती ओळ मी वाचली होती. तेव्हा ह्यांना रक्ताची गोळी चालू नव्हती, झडप वर्षभराने बसली. ओळ कोणाचीच नव्हती, म्हणून मी तिच्यावर खळ लावली.

— वहिनी


१४ मार्च, गुरुवार

भाऊजी,

आता दुसऱ्या गोळ्या चालू आहेत, दहा दिवसांच्या. मी बाईंना विचारलं होतं, मला बरं वाटतंय, मग ह्या कशाला? त्या म्हणाल्या, पहिल्या गोळ्यांनी त्रास देणारे जंतू मरतात. काही मात्र कवच घेऊन आतड्यात गप्प बसून राहतात. ते दुखत नाहीत, खुपत नाहीत, आपल्याला कळतही नाहीत, पण आपल्यातून दुसऱ्याला लागू शकतात. त्यांच्यासाठी ह्या.

मी तिथून निघाले ते घरी येईपर्यंत आपण चालतोय हे माझ्या लक्षातही नव्हतं.

आईंना सांगायचं असं तीनदा ठरवलं. परवा त्यांचे केस विंचरताना तोंड उघडलं आणि म्हणाले, "कोंडा झालाय." काल चहा देताना तोंड उघडलं आणि म्हणाले, "साखर कमी पडली का?" आज त्याच म्हणाल्या, "तुला काही झालंय का? मासा पाण्याबाहेर काढल्यासारखं तोंड उघडझाप करतेस."

"पितळेची चव आहे अजून," मी म्हणाले.

"ती गेली म्हणालीस ना परवा."

चव गेली आहे, भाऊजी. मला भीती वाटते ती रागाची नाही. त्यांनी मला हाकललं तरी आता मला काम येतं, कुठेही एक खोली घेऊन मी पुस्तकं बांधेन. त्या चौऱ्याऐंशीच्या आहेत. या वयात त्यांना कळायचं की नऊ वर्षं आपण ज्याच्याशी बोलत नव्हतो त्या मुलाने काही केलंच नव्हतं. हे मी त्यांच्या पदरात कसं टाकू? आणि टाकलं नाही तर त्या तुम्हाला न भेटताच जातील. दोन्हींत मीच आहे.

तुमच्या खोलीची, म्हणजे दुकानामागच्या खोलीची किल्ली त्यांच्या उशीखाली असते, हे तुम्हाला माहीत नसेल. चादर बदलताना मी ती उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते. आम्ही दोघीही तिच्याबद्दल बोलत नाही.

— वहिनी


२२ मार्च, शुक्रवार

भाऊजी,

परवा, बुधवारी, शेवटची गोळी घेतली आणि पेला धुवून पालथा घातला. आई खिडकीपाशी बसून जुन्या फर्म्यांच्या कडा चाचपत होत्या. नीट दिसत नसलं तरी अजून घडी वाकडी पडली की त्यांच्या बोटांना कळते.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "आई, ह्यांना त्या गोळ्या मी दिल्या."

त्यांची बोटं थांबली नाहीत.

मी सगळं सांगितलं. डबा, नऊ गोळ्या, "भाऊजींकडून आणल्यात" असं ह्यांना सांगितलं ते, हिरड्यांतून आलेलं रक्त, आणि दवाखान्यातलं ते वाक्य. ते वाक्य दोनदा सांगितलं, दवाखान्यात म्हणाले होते तसंच, शब्दाला शब्द. रडले नाही. रडले असते तर त्यांनी मला जवळ घेतलं असतं, आणि ते मला नको होतं.

त्यांनी फर्म्याची आणखी एक कड नखाने दाबली. मग विचारलं, "त्याला माहीत होतं?"

"हो. तिथेच कळलं होतं."

"आणि तो गप्प बसला."

"हो."

"बापावर गेला. तोही असाच होता. चप्पल चावली तरी सांगायचा नाही." हातातला फर्मा त्यांनी मांडीवर ठेवला. "चौकात हात धरला तेव्हाच मला कळलं. तुझा हात गार होता. मला वाटलं, मी मेल्यावर माझ्या फोटोला सांगशील."

मी म्हणाले, "मी जाते इथून. जागा बघते."

"जा. नाहीतर राहा. ते मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी आज तुझ्याशी काही बोलणार नाही. उद्याही नाही. पुढचं मला माहीत नाही." आणि भिंत धरून आत गेल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या हातचं खाल्लं नाही. शेजारच्या शिवणवालीला हाक मारून तिच्याकडून दूध मागवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, काय झालं म्हणून. मी सांगितलं, तिलाही. सांगायला सुरुवात केली की पुढचं सोपं जातं असं नाही, पण ते थांबवता येत नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "माझ्याही डब्यात आहेत हो अशा. कसल्या आहेत तेही आठवत नाही." मग घरी जाऊन पिशवीभर घेऊन आली. आम्ही त्या सगळ्या दवाखान्यातल्या बाईंकडे परत नेऊन द्यायच्या ठरवल्या.

ही सात पत्रं मी एकावर एक ठेवून मधून दाभणाने तीन भोकं पाडून शिवली आहेत, म्हणजे पानं मागेपुढे होणार नाहीत. पहिल्यापासून वाचा. पहिल्या पत्रातलं खोटं तिथेच आहे, ते खोडलेलं नाही. शब्दकोशातून काढलेली चिठ्ठी शेवटी जोडली आहे. तुमच्या वर्गात दाखवायची असेल तर दाखवा. भावाचं पुढे काय झालं, तेही सांगा, आणि कोणी केलं तेही.

या, असं मी म्हणू शकत नाही. ते म्हणायचा हक्क माझा नाही. फक्त काय झालं ते लिहिते.

काल सकाळी मी आईंचा चहा नेहमीच्या जागी ठेवला. त्यांनी घेतला नाही. माझ्याकडे न बघता उशीखाली हात घातला, किल्ली काढली, पेल्याशेजारी ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपल्या. मी ती उचलली. खाली जाऊन तुमच्या खोलीचं कुलूप काढलं, दोन्ही खिडक्या उघडल्या, जाळी झाडली, आणि फरशी साबणाच्या पाण्याने दोनदा पुसून घेतली.

— वहिनी